ऑगस्टमधली तपासणी

डेल्फिनानं उकडलेल्या मक्याचं पातेलं खाली उतरवलं आणि ओले हात तसेच धरून उभी राहिली.

"ऑगस्टमध्ये? माझा लेक एफ्राईन फेब्रुवारीतच उत्तरेकडे, अमेरिकेला जायला निघाला. मेक्सिकोतून एकदा फोन आला, मग काही नाही. आणि तू म्हणतेस, ऑगस्टमध्ये तो कुएंकाच्या दवाखान्यात होता?"

"कागदावर तसं आहे, दोन्या डेल्फिना," इव्होन अदबीनं म्हणाली. दम्याच्या नव्या औषधाच्या चाचणीतले रुग्ण खरंच तपासणीला आले होते का, हे ती घरोघरी विचारत होती.

"म्हणजे परत आलाय! तिकडे पोचला नाही म्हणून घरी यायला लाजला असेल. बापावर गेलाय गाढव!" डेल्फिना हसली. तिनं घाईघाईनं मका आणि चीज बशीत वाढलं. "खा गं पोरी. हाडं मोजून घ्यावीत तुझी. दवाखान्यात जेवायला देत नाहीत?"

"मी दवाखान्याची नाही. त्यांच्यावर नजर ठेवणारी."

"मग तर कोणीच देत नसेल."

इव्होननं बशी हातात घेतली नाही.

"दोन्या, ऑगस्टचे त्याचे सगळे आकडे दुसऱ्या एका रुग्णाच्या आकड्यांशी हुबेहूब जुळतात. दोन माणसांचा श्वास इतका सारखा नसतो. तो आला नव्हता. कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलंय."

डेल्फिना बराच वेळ कमरेच्या फडक्याला हात पुसत राहिली.

"आणि मी सांगितलं, आला होता म्हणून?"

"तर औषध लागू पडतं असं ठरेल. दम्याच्या दुसऱ्या पोरांना देतील."

बाहेर कोंबडी ओरडली. डेल्फिनानं तिकडे पाहिलं नाही.

"सही कुठं करू?"

तो फेब्रुवारीपासून घरी नाही, या ओळीखाली तिनं एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं. इव्होन कागद आवरू लागली, तशी डेल्फिनानं त्यावर तळवा ठेवला.

"ऑगस्टचं त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते वाच की."

"ते खोटं आहे, दोन्या."

"कळलं गं. वाच."

इव्होननं कागद उलगडला. "रात्रीचा खोकला थांबला. जिना चढताना धाप नाही. वजन वाढलं."

"आणखी?"

"तक्रार काही नाही."

डेल्फिनानं हळूच मान हलवली.

"अंग धरलंय म्हणजे," ती म्हणाली.