पुतळाबाईची तिरपी रेघ

नाशिकच्या इंदिरानगरातल्या तृप्तीनं पाच वर्षं बायकांची कपाळं निरखण्यात घालवली. विषय भारदस्त होता: देशोदेशींच्या सौंदर्याच्या कल्पना. त्यातलं बहुतेक सगळं पुस्तकांतलं. स्वतः पाहिलेलं म्हणाल तर पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरचं गोंदण. प्रबंध सोमवारी द्यायचा होता, आणि त्याचा डोलारा चौथ्या प्रकरणावर उभा होता. तिकडच्या बायकांच्या कपाळावरची उभी रेघ डावीकडे झुकलेली असते. तृप्तीनं ठणकावून लिहिलं होतं, की सरळपणात सौंदर्य असतं हेच या समाजाला मान्य नाही. या वाक्यावर तिचे सर बेहद्द खूश होते.

एक फोटो कमी पडला म्हणून शनिवारी ती निफाडला गेली. पेठची चतुराबाई तिथं द्राक्षं तोडायला आली होती, सोबत तिची लेक.

"मावशी, रेघ तिरपी का काढतात?" तृप्तीनं फोटो काढता काढता विचारलं. पाच वर्षांत हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. अर्थ लावायची घाई, दुसरं काय!

"काढत्यात कुठं?" चतुराबाई हसली. "पुतळाबाई गोंदायची, तिची मान जन्माची वाकडी. तिला ती सरळच दिसायची. सात पाड्यांत तीच एक गोंदणारी."

तृप्तीनं फोटो काढायचं थांबवलं. पाच वर्षं पाण्यात गेली म्हणून तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"पण लेकीचीही तिरपीच आहे की."

"ती पंचवटीत मशीनवर काढली. पुतळाबाई तवा मेली व्हती. तो माणूस सरळ काढाया लागला, तर पोरीनं त्याचा हात धरला. आयेसारखीच पायजे म्हणली."

"पुतळाबाईंना कुणी सांगितलं नाही?"

"कशाला? तिला वाईट वाटलं असतं. लय झ्याक काढली, असंच म्हणायचो. म्हणता म्हणता ती रेघ खरंच झ्याक दिसाया लागली."

तृप्तीनं रविवारभर बसून ते वाक्य खोडलं आणि हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. सोमवारी सर चिडले. एका बाईच्या वाकड्या मानेवर पदवी मिळत नसते, म्हणाले. तृप्तीनं बाड उचललं आणि घर गाठलं.

पदवी वर्षभर लांबली, पण प्रकरण तसंच राहिलं. मिळाली तेव्हा तिनं निफाडच्या त्याच बागेत चौथं प्रकरण चतुराबाईला वाचून दाखवलं.

चतुराबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, बरं झालं पुतळाबाई आधीच मेली. आमी तिला कळू दिलं नव्हतं."