समाधान झालं म्हणं

साधने, तू नुसतं ऐक, मधी बोलू नको. आमची कासाबाई काकी, मेंढरं राखती ती. बबल्यानं तिच्या सहा मेंढ्या पळवल्या, ती आडवी गेली तर काठीनं हात मोडला तिचा. पोलिसांनी बबल्याला धरलं, मेंढ्या कोंडवाड्यात ठेवल्या. इथवर बरं. पण बबल्याला जामीन झाला ते काकीला कुणीच सांगितलं न्हाई. कळलं कधी, तर तो माळावर तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला तवा. बिडी वढत म्हणला, "काय काकी, बसलं का हाड?"

मग मीच अर्ज लिव्हला. जामिनाचं सांगितलं न्हाई, कोर्टाचा हुकूम येऊन महिना झाला तरी मेंढ्या देईनात, ठाण्यातला बन्सीधर जमादार दारातनंच हाकलतोय. थेट जिल्ह्याला, मोठ्या पोलीस साहेबाच्या हापिसात नेऊन दिला, पोच घेतली. लय ऐटीत होते मी.

पंधरा दिवसांनी चौकशीला बोलावलं. मी अन् काकी देवगाव फाट्यावरनं जीप धरून ठाण्यात गेलो, तर चौकशीला कोण बसलंय? बन्सीधरच. माझाच अर्ज त्याच्या टेबलावर, वर जिल्ह्याचा शिक्का, अन् त्याच्यावर भज्याची बशी. तेल पार काकीच्या नावावर उतरलेलं.

"साहेब, अर्ज तुमच्यावरच हाय की," मी म्हणलं.

"म्हणून तर आमच्याकडं आला. दुसऱ्याला काय ठावं ह्यातलं?" बोटं चाटायलाय मेला.

जबाब त्यानं आधीच लिव्हून ठेवलेला. अर्जदार बाईचं समाधान झालं, तिची कुणावरबी तक्रार न्हाई. खाली 'वाचून दाखवला, बरोबर आहे', तिथं माझी सही पाहिजे.

"अंगठा द्या, मेंढ्या न्या," म्हणला.

काकीनं अंगठा शाईत बुडवला अन् माझ्याकडं बघितलं. "काय लिव्हलंय गं अपेक्षा?"

मी हाय तसं वाचलं. सगळं. काकीनं अंगठा लुगड्याला पुसला अन् उठली. मेंढ्या तिथंच राहिल्या. त्यातली एक गाभण होती, परवा कोंडवाड्यातच व्याली. कोकरू मेलं.

काल काकी म्हणती, "मला कुठं वाचता येतंय बाय. तू दुसरंच काय तरी वाचलं असतंस तर मेंढ्या घरी असत्या."

खरं सांग साधने, माझ्या जागी तू काय केलं असतंस?