वखारीच्या दारातला रांजण

मी एक जुना रांजण आहे. अकोल्यातल्या एका कापसाच्या वखारीच्या दाराशी कमरेपर्यंत पुरलेला. मित्रांनो, मोर्णाकाठच्या मातीतून माझा जन्म झाला आणि कुंभाराच्या भट्टीत मी पक्का झालो. आगीत भाजलेल्याला आगीचं कसलं भय, असं तुम्ही म्हणाल. पण मला आगीची फार भीती वाटते.

वखारीचे मालक खुशालराव मोठे शिस्तीचे. रोज सकाळी ते आधी माझ्यात कोपरापर्यंत हात बुडवत आणि हात ओला झाला की मगच कुलूप उघडत. जयवंता नावाची बाई लांबच्या विहिरीवरून पाणी आणून मला भरायची. "हा आपला राखणदार हाय," असं खुशालराव म्हणत. मी मनातून फुलून जाई.

खुशालराव वारले आणि त्यांचे चिरंजीव महादेवराव गादीवर बसले. त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. तेल्हाऱ्याकडून गाड्यांवर गाड्या येऊ लागल्या. वखारीत पाय ठेवायला जागा उरेना. मग महादेवरावांनी माझ्यातलं पाणी उपसायला लावलं आणि मला गळ्यापर्यंत कापसाने भरलं.

"मालक, रांजण कोरडा कावून केला? आग लागली तं?" जयवंताने विचारलं.

"पाण्याले भाव हाय काय, जयवंता? कापसाले हाय," ते हसून म्हणाले. "आजवर लागली काय कधी?"

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. मापाची वाट पाहणारे गाडीवान आवारातच गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजायचे. खुशालराव त्यांना कुंपणाबाहेर पाठवत. महादेवराव काही बोलत नसत, कारण रागावून गाडी दुसऱ्याच्या वखारीत गेली तर? वारा सुटला की ठिणग्या माझ्या तोंडावरून उडायच्या. मला ओरडता येत नव्हतं, हलता येत नव्हतं.

शिमग्याच्या आदल्या दुपारी वावटळ आली. एक गाडी पेटली आणि बघता बघता दारातला कापसाचा ढीग पेटला. आत बायका रेच्यांवर, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी चरकांवर, कापसातली सरकी काढत बसल्या होत्या. त्यांत जयवंताची थोरली बहीण मैनाबाईही होती. जयवंता घागर घेऊन धावत आली आणि जुन्या सवयीने तिने माझ्यात हात घातला. हातात कापूस आला. तिने ती मूठ महादेवरावांपुढे धरली.

महादेवरावांनी मागची पेटती कुडाची भिंत हातांनी उचकटली. बायका धडपडत बाहेर आल्या. मैनाबाई आली नाही.

माझ्यातला कापूसही जळाला, तेव्हा माझ्या गळ्याला तडा गेला. जयवंता त्या आवारात पुन्हा कधी आली नाही. वखार नव्याने उभी राहिली, पण आता महादेवराव स्वतः विहिरीवर जातात. भाजलेल्या, आखडलेल्या हातांनी मला भरतात आणि तोच हात माझ्यात बुडवून मग कुलूप उघडतात. लोक त्यांना वेडा म्हणतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी दुकानाचा, कुणी वखारीचा धनी होईल. किल्लीबरोबर आत बसणाऱ्यांचे जीवही तुमच्या हाती येतील. दार उघडण्याआधी रांजणात हात घालून बघा. हात कोरडा निघाला, तर त्या दिवशी कुणालाही आत बोलावू नका.