रवाल चाल

रत्नपालने चहाने काठोकाठ भरलेला ग्लास हातात घेतला आणि घोड्याला टाच दिली. ओल्या वाळूवरून घोडा निघाला तो पाणी वाहत जावं तसा. हिसका नाही, हेलकावा नाही. फुटक्या होडीपाशी वळून परत आला तेव्हा चहा होता तेवढाच होता, नुसता निवला होता.

"रवाल चाल हाय, दादा," विनेश म्हणाला. "पावण्यांची पोरं वर बसून झोपा काढतात."

विनेश किनाऱ्यावर पाहुण्यांना घोड्यावरून फेरी मारून आणायचा. रत्नपालने घोडा एका दिवसापुरता मागितला होता, पण विनेशला तो विकायचाच होता. घासाघीस करण्याइतका धीर रत्नपालपाशी कुठला! उभी हयात बंदरात ट्रेलर चालवण्यात गेलेली. निवृत्त झाल्यापासून बसल्या जागी पाय हलत, जेवताना डावा हात गिअर शोधी. त्यात आईने, आवडाबाईने, माहेर बघायचा ध्यास घेतला होता. त्यांचं घर खाडीच्या बांधाच्या या तोंडाशी, तिचं माहेर त्या टोकाला. बांधावर गाडी जात नाही, तिला चालवत नाही, आणि मणका असा की जरा हिसका बसला तरी जीव कळवळे. डोलीचं नाव काढलं तर म्हणाली, "चौघांच्या खांद्यावर एकदाच जायाचं आसतं. इतक्यात न्हाय."

विनेशने सांगितली ती किंमत मोजून रत्नपालने घोडा लगाम धरून घरी आणला. सकाळी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलेल्या आवडाबाईला त्याने घोड्यावर बसून ओट्यावरून अलगद पुढ्यात घेतलं. शेजारची ठमी दारातून हसली. "आये, वरात कुनाची गं?"

"माजीच. लग्नात बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, त्येचं उट्टं काढते."

दोन्ही अंगांना खाडीचं पाणी, मधून घोडा. आवडाबाई कसलीशी ओवी गुणगुणू लागली. आणि घोडा वळला. आपणहून, सावकाश, घराकडे तोंड करून.

रत्नपालने त्याला फिरवलं. तो पुन्हा वळला. टाच मारली तसा पुढे गेला, पण दुडक्या चालीने, आणि आवडाबाईच्या तोंडून "आई गं" निघालं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. विनेशच्या खुंट्यापासून फुटक्या होडीपर्यंत, एवढंच या घोड्याचं जग. वाळूवरही तो असाच आपणहून वळला होता. पण रत्नपाल चहाकडे बघत होता, घोड्याकडे नाही.

"त्येची फेरी झाली, रत्नू," आवडाबाई म्हणाली. "म्हायेरच्या चिंचेचा शेंडा दिसला. लई झालं. चल माघारी."

म्हणाली खरी, पण मान चिंचेकडेच वळलेली.

रत्नपाल खाली उतरला. घोड्याला पाठ लावून, गुडघ्यात वाकून उभा राहिला.

"चौघांच्या नको म्हणालीस. एकाच्या पाठीवर येशील का न्हाय?"

"तुजी पाठ तरी कुटं धड हाय, मेल्या?" असं म्हणत तिने हात त्याच्या गळ्यात टाकले. वजन ते काय, वाळल्या पेंढीएवढं.

मोकळ्या लगामाने घोडा गावाकडे निघून गेला. रत्नपालने मागे पाहिलं नाही. जन्मभर घाईत असलेला तो माणूस दर पावलाला जमीन चाचपत, आधी टाच, मग चवडा टेकवत चिंचेच्या दिशेने निघाला, काठोकाठ भरलेला ग्लास हातात असल्यासारखा.