हरवलेलं मेंढरू सापडल्यावर

आमच्या मंडळीचे खजिनदार मटणाचे व्यापारी आहेत. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. बाजारात मोठं दुकान, चर्चमध्ये पहिला बाक, आणि प्रार्थना इतकी लांब, की ऐकता ऐकता देवबापाचाही पाय अवघडत असेल. 'दया' हा शब्द त्यांच्या तोंडी गुळासारखा सतत विरघळत असतो.

मी तिथे रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. धाकटा काखोटीला, थोरली पुढच्या सतरंजीवर. आठवड्यातला तेवढाच एक तास माझा. एरवी मी कुणाची तरी सून असते किंवा कुणाचं तरी नाक पुसत असते.

त्या दिवशी येशूने सांगितलेल्या गोष्टींपैकी हरवलेल्या मेंढराचा दाखला होता. मेंढपाळ बाकीची मेंढरं सोडून एकाच्या शोधात रानभर हिंडतो, ते सापडलं की खांद्यावर घेऊन घरी येतो. मुलं खूश झाली. तेवढ्यात माझ्या थोरलीने विचारलं, "आणि मग? मोठं झाल्यावर कापलं त्याला?"

आमच्या चर्चमध्ये आजवर हे कुणी विचारलेलं नव्हतं. पहिल्या बाकावरून तर नाहीच नाही. मी म्हटलं, दाखल्यातल्याचं मला ठाऊक नाही, पण आपल्याकडची कापतात. आपल्या घरी ती का शिजत नाहीत, तेही सांगितलं. धाकट्याला पाजताना एकदा मनात आलं होतं की गाईचं दूध आपण पितो, तर तिचं वासरू काय पीत असेल? त्या दिवसापासून आमच्याकडे मांस, अंडी, दूध सगळंच बंद. सासूबाई म्हणाल्या, पाजणाऱ्या बाईला भलतीच थेरं सुचतात. नवरा म्हणाला, तू सोडलेलं सगळं मी बाहेर खाऊन येईन. त्याने शब्द पाळला. वचनाचा पक्का आहे.

त्याच दुपारी दादासाहेबांच्या घरी ताटं वाढली आणि प्रार्थनेची पाळी माझ्याच वर्गात बसणाऱ्या त्यांच्या नातवावर आली. त्याने डोळे मिटून विचारलं, "देवबापा, या मेंढराला तू अजून शोधतोयस का?"

मला पंचांपुढे बोलावणं आलं. दादासाहेब म्हणाले, पोरांच्या डोक्यात काहीबाही भरवता. स्त्रीमंडळाच्या आत्याबाई म्हणाल्या, मग गवतालाही जीव असतो, ते तरी कशाला खायचं. हे त्या इतक्या तेजस्वी चेहऱ्याने म्हणाल्या, जणू जगात पहिल्यांदाच कुणाला सुचलं होतं. चर्चचे पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. ज्याच्या घरी जेवलेत त्याच्या विरुद्ध बोलणं त्यांच्या धर्मात बसत नाही, आणि ते सगळ्यांच्याच घरी जेवलेत. शेवटी ठरलं, की पुढच्या रविवारी मुलांना प्राणिप्रेम दादासाहेब स्वतः शिकवतील. पोरं ताळ्यावर आली तर ठीक, नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाकडे.

दादासाहेब आले ते कोकरू घेऊनच. अगदी पांढरंशुभ्र, गळ्यात निळी रिबीन. मुलांनी लगेच त्याचं नाव कापूस ठेवलं. कापूस माझ्या धाकट्याचं बोट चोखू लागला आणि धाकटा हसून हसून बेजार झाला. दादासाहेब मेंढपाळाच्या मायेवर बोलत होते, मधूनमधून माझ्याकडे बघत होते. मनात म्हटलं, गेला वर्ग.

मग नातवाने विचारलं, "आजोबा, हा पुढच्या रविवारी पण येईल ना?"

"पुढच्या रविवारी प्रीतिभोजन आहे ना, तेव्हा..." दादासाहेब बोलून गेले. जन्मभराची व्यापाऱ्याची जीभ ती, सवयीने पुढे धावली. मग थबकली.

"तेव्हा काय?" माझ्या थोरलीने विचारलं.

दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी धाकट्याची पाठ थोपटत राहिले.

"तेव्हा... तेव्हा हा पण येईल."

"चालत?" नातवाने विचारलं.

"चालत," दादासाहेब म्हणाले.

तेव्हापासून कापूस दर रविवारी चालत येतो. एरवी दादासाहेबांच्या बागेत असतो. गुलाब संपवून आता तो जास्वंदीला लागला आहे. प्रभूने आपल्या हृदयात करुणा कशी पेरली, याची साक्ष दादासाहेबांनी भर उपासनेत दिली. आत्याबाईंनी डोळे टिपले. प्रीतिभोजनाला मटण दुसऱ्या कुठल्या तरी मेंढराचं होतं. त्याला नाव नव्हतं, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही. मुलांनी मात्र भात आणि बटाटे तेवढे खाल्ले. वर्ग काढून घ्यायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काढणार कोण? कोकराची सगळी कल्पना दादासाहेबांची.

परवा उपासना सुटल्यावर त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. एका हातात दोरी, दोरीला कापूस. आजूबाजूला बघून घेतलं, आवाज खाली आणला.

"बाई, मेंढरू किती वर्षं जगतं हो?"

उभा जन्म याच धंद्यात गेला त्यांचा. वजन विचारा, डोळे मिटून सांगतील.

"दहा-बारा," मी म्हटलं. "जास्तही."

"एवढं?" ते म्हणाले. कापूस त्यांच्या सदऱ्याची बाही चघळत होता, ती सोडवून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.