अकरावं झाकण

आमच्या रॉकेटच्या इंजिनाला अकरा लाल झाकणं असतात. नळ्यांच्या तोंडात धूळ, किडे जाऊ नयेत म्हणून लावलेली. चाचणीच्या सकाळी ती काढायची आणि मागच्या भिंतीवरच्या अकरा खिळ्यांना टांगायची. मग सगळ्यांनी अर्धा किलोमीटर लांबच्या जाड भिंतींच्या खोलीत जायचं, कॅमेऱ्यातून भिंतीवरचं लाल मोजायचं, "अकरा" म्हणायचं, आणि मगच इंजिन पेटवायचं बटण दाबायचं. ही पद्धत माझ्या सासऱ्यांनी घालून दिली. एकतीस वर्षं झाकणं त्यांच्या ताब्यात होती आणि एकदाही चूक नाही. हे मी रोज जेवताना ऐकते.

ते निवृत्त झाल्यावर झाकणं माझ्याकडे आली. पहिली चाचणी नीट झाली तर काम कायम, नाहीतर परत गोदामात खोकी उचलायला.

त्या चाचणीला बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, खास पाहुणे म्हणून बोलावलं होतं. "सूनबाई, मी नुसता बघणार. मध्ये बोलणार नाही," असं म्हणून ते शिडीखाली उभे राहून अखंड बोलत होते. दहा झाकणं मी टांगली. तेवढ्यात ते म्हणाले, "शिडी तिरकी लागलीये." मी चरफडत ती सरळ केली, भोंगा वाजला आणि आम्ही धावत खोलीत आलो. कॅमेऱ्यात मी दोनदा लाल मोजलं आणि ठणकावून सांगितलं, "अकरा."

इंजिनाला आधी उचकी लागली. मग ज्वाळा खालून यायची ती बाजूने आली. शेवटी खालचं नरसाळ्यासारखं तोंड गळून पडलं आणि सावकाश घरंगळत पाण्याच्या खड्ड्यात गेलं.

"हे असंच असतं का?" मोठ्या साहेबांनी विचारलं. इंजिन त्यांनीच बनवलं होतं.

"आजवर तरी नव्हतं," त्यांचा मदतनीस म्हणाला.

संगणकावरची मुलगी हळूच म्हणाली, "आकडे मात्र सुरेख आलेत."

"कसले?"

"फुटेपर्यंतचे."

आग विझवणाऱ्या काकांनी तोवर शिरस्त्राण चढवलं होतं. सहा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काम मिळालं होतं आणि चेहऱ्यावरचा आनंद काही केल्या लपत नव्हता. वीस मिनिटांनी त्यांनी तिथून फोन केला. इंजिनाचे तुकडे झाले होते, पण मागच्या नळीवर एक लाल झाकण घट्ट बसलेलं होतं. त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

"मग भिंतीवर अकरा कशी?" साहेब माझ्याकडे वळले.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शेवटच्या खिळ्यावरचं लाल वाऱ्याने हलत होतं. त्याला झालर होती. सासूबाईंनी विणलेला मफलर. उकडायला लागल्यावर बाबांनी तो काढला असणार आणि सवयीने हात खिळ्याकडे गेला असणार.

मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा हात गळ्याशी चाचपडत होता.

या माणसाने मला वैताग आणला होता हे खरं. पण सगळ्यांसमोर त्यांच्याकडे बोट दाखवणं माझ्याच्याने होईना. "मी मोजायला चुकले," मी म्हटलं. गोदामातली खोकी डोळ्यांसमोर आली.

"तिने बरोबर मोजलंय," बाबा उठून उभे राहिले. "अकरावा माझा मफलर आहे. आणि झाकणं न मोजता लाल मोजायचं, ही अक्कलही माझीच."

"पण झाकण मीच विसरले," मी म्हटलं.

"कारण मी तोंड बंद ठेवलं नाही."

साहेबांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "उद्यापासून झाकणांवर आकडे घाला. दोघांनी मिळून. आणि बाई, पुढच्या चाचणीला झाकणं तुमच्याकडेच, पण सासरे इथे, या खुर्चीत."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मफलर धड आहे ना?"

जेवताना बाबांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "एकतीस वर्षांत..." आणि थांबले. आम्ही सगळे ताटात बघत राहिलो.

"एकदाच," ते म्हणाले आणि मीठ मागितलं. मीठ त्यांच्या हाताशीच होतं. तरी मी उठले आणि त्यांच्या ताटात वाढलं.