डावा ब्रेक आणि तरन्नुमची दुसरी परीक्षा

माझ्या नाकावर राग असतो, हे ओझरच्या विमानतळावर कुणालाही विचारा. एकोणीस सीटची विमानं चालवणाऱ्या आमच्या छोट्याशा कंपनीत मी परीक्षक कॅप्टन आहे. सहवैमानिकाला कॅप्टन करायचं की नाही, हे माझ्या सहीवर ठरतं. ती सही मी सहजासहजी देत नाही.

तरन्नुमला मी एकदा नापास केलं होतं. मुलगी सातपूरची, वडील लियाकतभाई तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. हात इतका हलका की चाकं कधी टेकली ते कळतसुद्धा नाही. पण अदब फार! मागच्या परीक्षेत मी मुद्दाम जास्त वेगाने उतरायला लागलो, तर बाईसाहेब म्हणतात, "सर, वेग थोडा जास्त वाटतोय का?" अगं, वाटतोय का म्हणजे? जास्त होता! कॅप्टनने अशा वेळी विचारायचं नसतं, सांगायचं असतं. मी तसंच लिहून दिलं. आजची तिची दुसरी आणि शेवटची संधी. आजही घसरली, तर आमच्या कंपनीत ती कायमची सहवैमानिक राहणार होती.

सकाळी सव्वानऊला आम्ही जळगावला निघालो. ती डावीकडे कॅप्टनच्या सीटवर, मी उजवीकडे, मागे सतरा प्रवासी. आमच्या विमानात आम्ही आणि प्रवासी यांच्यामध्ये नुसता पडदा असतो, तोही बहुतेक वेळा बाजूला सारलेलाच. पहिल्या रांगेत विमलाबाई बसल्या होत्या. लेक जळगावला दिलेली, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची फेरी ठरलेली.

उतरायच्या आधी तरन्नुमने नियमाप्रमाणे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. उजवं पेडल घट्ट लागलं. डावं थेट तळाला गेलं. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी माझ्या बाजूचं दाबून पाहिलं, तेही तसंच गेलं. डाव्या चाकाच्या ब्रेकचं तेल गळून गेलं होतं. या वेळी मी काही मुद्दाम केलं नव्हतं.

"सर..." ती म्हणाली आणि थांबली.

तिचं चुकलं असतं तर विमान मी हातात घेतलंच असतं, पण आधी मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिने एक श्वास घेतला.

"जळगावची धावपट्टी आखूड आहे. आपण ओझरला परत जातोय. सर, तुम्ही कंट्रोलला कळवा, अग्निशमनची गाडी उभी करायला सांगा. टेकल्यावर मी पंखे उलटे लावून वेग कमी करणार. उजव्या ब्रेकला कुणीच पाय लावायचा नाही."

बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. मी मनातल्या मनात खूश झालो आणि चेहरा होता तसाच आंबट ठेवला.

मग तिने मागे वळून प्रवाशांना सरळ मराठीत सांगितलं, की डावा ब्रेक लागत नाहीये, ओझरची पट्टी लांबलचक आहे, तिथे हळूहळू थांबू, पट्टे घट्ट बांधा. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. विमलाबाई मात्र शांत.

"आमच्या ट्रॅक्टरचं बी असंच हाय," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूचा ब्रेक दाबला की गर्रकन फिरतंय. उजवा दाबू नका म्हंजी झालं."

"नाही दाबणार, मावशी," तरन्नुम म्हणाली.

ओझरची पट्टी समोर आली. तिने अगदी सुरुवातीलाच चाकं टेकवली आणि पंखे उलटे केले. विमान घरघरत, सरळ रेषेत धावू लागलं. वेग उतरत होता, पण ब्रेकविना तो किती सावकाश उतरतो हे मी विसरलो होतो. बायको प्रतिभा गंगापूर रोडवर गाडी चालवते, तेव्हा शेजारी बसून मी रिकाम्या जागी ब्रेक दाबत असतो आणि बोलणी खात असतो. इथे मात्र माझ्या पायाखाली खरं पेडल होतं. चाळीस वर्षांची सवय! उजवा पाय कधी खाली गेला, मला कळलंसुद्धा नाही.

विमानाचं नाक झटकन उजवीकडे वळलं. पट्टीच्या कडेचं गवत समोर दिसायला लागलं.

"पाय!" तरन्नुम ओरडली. "काढा पाय! दोन्ही! मागे घ्या!"

मी मास्तरांनी दटावलेल्या पोरासारखे दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. तिने नाक डावीकडे आणलं, विमान सरळ केलं, आणि पट्टी बरीच शिल्लक असताना ते आपलं आपण थांबलं. माझा जीव भांड्यात पडला. मागे टाळ्या वाजल्या. चाळीस वर्षांत माझ्यावर असं कुणी खेकसलं नव्हतं, आणि मला इतका आनंदही कधी झाला नव्हता.

"लय झ्याक उतरवलं, पोरी," विमलाबाई जाताना म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुमाला सांगितलं व्हतं ना, उजवा दाबू नका?"

कँटीनमध्ये चहा मागवून मी परीक्षेचा फॉर्म भरला. शेऱ्याच्या जागी लिहिलं: धावपट्टीवर परीक्षकाने चुकून उजवा ब्रेक दाबला. उमेदवाराने त्याला तत्काळ पाय काढायला लावले व विमान सुरक्षित थांबवले. उत्तीर्ण.

तरन्नुमने ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले.

"सर, तुमच्या चुकीचं वाक्य खोडलं तर चालणार नाही का? वरचे लोक तुम्हाला विचारतील."

"विचारू देत. ते खोडलं, तर तू पास कशी झालीस ते मी काय सांगू?" मी सही ठोकली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "घ्या, कॅप्टन."

तिने रुमालाने डोळे पुसले. फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, एका जागी बोट ठेवलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"तारीख राहिली," ती म्हणाली. "घाला."

मी निमूटपणे घातली.